माझ्या घरातल्या दोन कारभारणी

मित्रांनो, मी एक म्हातारा कॉम्प्युटर आहे. टेबलावर मांडायचा, मांडीवर घ्यायचा नव्हे. माझी पेटी काळ्या पत्र्याची आहे. तिच्या एका कुशीला पोचा आलेला आहे, आणि मला चालू करायचं बटण इतकं झिजलं आहे की त्यावरची खूण केव्हाच पुसली गेली. चालू झालो की माझा पंखा आधी थोडा खोकतो, मग सुरळीत फिरू लागतो. माझ्या वयाचे बहुतेक सगळे भंगारात गेले. मी अजून कामावर आहे, याचं मलाही नवल वाटतं. म्हणून ही हकिगत सांगावीशी वाटली.

एका लांबलचक कारखान्यात माझी जोडणी झाली. मला आठवणारा पहिला आवाज म्हणजे मेमरीची पट्टी खाचेत बसल्याचा. टक्! पण नुसता पत्रा, तारा आणि पट्ट्या म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. रिकाम्या घराला जशी कारभारीण लागते, तशी आम्हाला ऑपरेटिंग सिस्टीम लागते. कुठली वस्तू कुठे ठेवायची, कुठलं बटण दाबलं की काय करायचं, दारात कोण आलंय, त्याला आत घ्यायचं की नाही, हे सगळं ती बघते. माझी पहिली कारभारीण होती विंडोज. कारखान्यातच ती माझ्यात राहायला आली आणि पुढची कितीतरी वर्षं आम्ही दोघं म्हणजे एकच, असं मी समजत होतो. तसं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्याने. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याचं छोटं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. काऊंटरवर एका बाजूला फ्रेमांचा फिरता स्टँड, दुसऱ्या बाजूला मी. गिऱ्हाइकांचे नंबर, भिंगांच्या ऑर्डरी, तयार झालेल्या चष्म्यांची यादी, सगळं माझ्याकडे. चष्मेवाले मोठ्या हौशीने गिऱ्हाइकांना सांगायचे, "एका बटणावर तुमचा दहा वर्षांपूर्वीचा नंबर काढून दाखवतो, बघा!" मला तेव्हा दहा वर्षं झालीच नव्हती, पण त्यांच्या उत्साहाला मी कशाला आडवा येऊ?

त्यांची बायको एका मोठ्या हॉस्पिटलात टायपिस्ट होती. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. एक्स-रे आणि स्कॅन पाहणारे डॉक्टर आपलं मत तोंडी बोलून रेकॉर्ड करत आणि बाई ते कानांनी ऐकून टाईप करी. पायाखाली पेडल असे. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, टाचेने दाबलं की थोडा मागे. हात अक्षरांवर, पाय पेडलवर आणि कान डॉक्टरांच्या तोंडाशी. असं तिचं एकोणीस वर्षं चाललं होतं.

मग एक दिवस जे घडलं ते मी काऊंटरवरून पाहिलं. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाई हॉस्पिटलातून लवकर घरी आली होती. तिचा चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवता ठेवता खाली पडला होता, आणि तो आठवड्यातला तिसरा कप होता.

चष्मेवाले म्हणाले, "बस जरा. तुझे डोळे तपासू."

"मला काय धाड भरलीय?" बाई म्हणाली, पण बसली. भिंतीवरच्या तक्त्यातल्या ओळी तिने वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचल्या. शेवटची बारीक ओळसुद्धा. चष्मेवाले हसले, नोंद करायला माझ्याकडे वळले, आणि थांबले. ती ओळ तिने डोळे मिटून वाचली असती तरी चुकली नसती. इतकी वर्षं तिच्या कानांवर तोच तक्ता तर पडत होता! त्यांनी काही न बोलता आतून दुसरा तक्ता आणून टांगला.

"हं, आता वाच."

बाईने मान एका बाजूला वळवून पाहिलं, पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, "अहो, तक्ता बदललात होय?"

"कधीपासून दिसत नाहीये?"

"मागच्या वर्षापासून. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. तुम्हाला सांगून करणार काय होते? चष्मा लावणार होतात?"

मोठ्या डॉक्टरांकडे चकरा झाल्या. डोळ्यांच्या मागचा पडदाच हळूहळू विझत चालला होता, त्याला कुठलंही भिंग चालणार नव्हतं. हजारोंना चष्मे लावणारा माणूस, पण घरातच त्याचे हात टेकले.

याच सुमाराला दुकानात नवा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. मला वाटलं, आपले दिवस भरले. मित्रांनो, जुन्या वस्तूला मागच्या खोलीचा अर्थ बरोबर कळतो. पण त्या खोलीत बाई होती. हॉस्पिटलने तिला घरून काम करायची परवानगी दिली होती. तिचं पेडल माझ्या पाठीला जोडलं गेलं आणि मी तिचा झालो.

पुढच्या दोन वर्षांत मी अक्षरं मोठी होताना पाहिली. आधी चौदाची, मग चोवीसची, मग छत्तीसची. पुढे तर एकच अक्षर अख्खा पडदा व्यापायला लागलं, आणि बाई नाक पडद्याला टेकवून ते कडेकडेने चाचपडल्यासारखं बघे. एका सकाळी ती म्हणाली, "पुरे झालं. हे काही वाचणं नव्हे, ही नुसती झटापट आहे." तिने हाताने शोधून पडद्याचं बटण बंद केलं. त्या दिवसानंतर तो पडदा फक्त पाहुण्यांसाठी लागत असे.

मग माझ्यात आला 'वाचक', म्हणजे पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारा प्रोग्राम. त्याचा आवाज करडा, पण उच्चार स्पष्ट. बाईने त्याचं नाव ठेवलं 'गुरुजी'. सुरुवातीला ती त्याच्यावर वैतागे. "अहो, तुमचे गुरुजी माझं डोकं खातायत, प्रत्येक स्वल्पविराम सांगतायत!" पण बाईला एक खोड होती. कुठली गोष्ट नडली की तिला राग कमी यायचा आणि कुतूहल जास्त वाटायचं. गुरुजींचा वेग वाढवता येतो का? येतो. स्वल्पविराम गाळता येतात का? येतात. सहा महिन्यांत गुरुजी इतके भरभर बोलू लागले की चष्मेवाल्यांना ते भांडणच वाटे, आणि बाईला त्यातला शब्द न् शब्द कळे.

अशी सात वर्षं गेली. मी गप्प होतो आणि सुखात होतो.

एके दिवशी हॉस्पिटलच्या टायपिंग विभागाच्या प्रमुख बाईंचा फोन आला. त्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. ज्या सिस्टीमला आता सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत, तिच्यावरून पेशंटचे रिपोर्ट पाठवायचे नाहीत, असा नियम झाला होता. पुढच्या महिन्यापासून अंमल.

समोरच्या गल्लीत मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक कारागीर होती. दोन मुलांची आई, तोंडाची फटकळ, हाताची हलकी. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो तसा ती कानावर स्क्रूड्रायव्हर ठेवायची, म्हणून गल्लीत तिचं नाव स्क्रूताई पडलं होतं. ती आली, माझा पत्रा उघडून आत फुंकर मारली आणि म्हणाली, "काकू, विंडोजची नवी आवृत्ती या म्हाताऱ्यावर चढणार नाही. तिला लागतं ते याच्यात नाहीच. एक तर नवा घ्या, नाहीतर यावर लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाकते. ती जुन्या घरातही नांदते."

चष्मेवाले म्हणाले, "नवाच घेऊ की. उगाच जिवाला घोर कशाला?"

"नव्यावर नवीन आवृत्ती, म्हणजे तिथेही मला पुन्हा शिकावंच लागणार," बाई म्हणाली. "मग ही दुसरी कशी आहे ते तरी ऐकून बघू. काय गं, ती बोलते का?"

"बोलते. तिचाही वाचक आहे."

"मग आण बघू."

स्क्रूताईने तिला आधी पाहुणी म्हणूनच आणलं. "पेनड्राईव्हवरून चालवते, काकू. आवडली नाही तर पेनड्राईव्ह काढला की गेली. घरातली एक वस्तू हलणार नाही."

मित्रांनो, आपल्याच अंगात दुसरं कुणीतरी जागं होतंय, ही जाणीव कशी सांगू? पंखा माझाच, मेमरी माझीच, पण चाल निराळी. पाहुणीने आल्या आल्या माझ्या एकेका अवयवाची चौकशी केली. ध्वनीचं कार्ड? आहे. कीबोर्ड? आहे. हे तीन बटणांचं काय? ते पेडल होतं, पण तिला तो माऊस वाटला. जुनी कारभारीण मला पाठ झाली होती. ही मला विचारत होती, आणि तिच्या प्रश्नांमुळे मलाच माझ्याविषयी नव्याने कळत होतं.

पडद्यावर चित्र उमटलं. खोलीत मात्र शांतता. बाईचे हात कीबोर्डवर अधांतरी.

"आली का गं?"

"आलीये ना, काकू! छान हिरवा डोंगर दिसतोय..."

"डोंगर घेऊन मी काय करू? बोलत का नाही ती?"

स्क्रूताईने जीभ चावली. बोलणं सुरू करायला तीन बटणं एकदम दाबावी लागत होती, ती शोधायला पाच मिनिटं गेली. त्या पाच मिनिटांत बाईचा चेहरा पांढरा पडला होता. आवाज नसलेला कॉम्प्युटर तिच्यासाठी खोलीतला दगड होता. मग एक नाकातला, चिरका आवाज उमटला आणि बाईचा रोखलेला श्वास सुटला.

"अगं बाई, याला तर सर्दी झालीय!" ती म्हणाली, आणि तिघंही हसली.

पाहुणीचा मुक्काम आठ दिवस झाला. रोज सकाळी जुनी कारभारीण, दुपारी नवी. काम मात्र तेच. बाई मोठ्याने बोलायची आणि चष्मेवाले गिऱ्हाइकांच्या नंबरांच्या जुन्या वहीत लिहून घ्यायचे.

"लिहा. चालू व्हायला जुनीला मी दोनशेपर्यंत मोजते, नवीला सत्तर."

"लिहिलं."

"रिपोर्टात तक्ता असला की गुरुजी रांग आणि रकाना दोन्ही सांगतात. सर्दीवाला रांग विसरतो. हा गुण गुरुजींना."

"तुझ्या परीक्षेत बसायला नको बुवा."

"आणि कपाटांचं लिहा. अगं स्क्रूताई, जुनीकडे सी नावाचं कपाट, डी नावाचं कपाट. हिच्याकडे कपाटंच नाहीत, ते का?"

स्क्रूताई माझ्या पाठीत डोकं घालून पेडलला 'तू माऊस नाहीस' हे पटवत होती. ती आतूनच म्हणाली, "हिच्याकडे एकच झाड असतं, काकू. सगळं एकाच मुळापासून निघतं. नवी डिस्क जोडली की जुनी म्हणणार, नवं कपाट आलं. ही म्हणणार, झाडाला फांदी फुटली."

बाईने बोटाने टेबलावर एक मूळ आणि फांद्या काढून पाहिल्या. "हे बरं आहे. अंधारात कपाटांपेक्षा झाड चढायला सोपं. फांदी धरून पुन्हा खाली येता येतं."

आठव्या दिवशी पेडलही ऐकू लागलं आणि नवी कारभारीण कायमची राहायला आली. जुनीला बाईने घालवू दिलं नाही. "इतक्या वर्षांचे रिपोर्ट तिच्या हातचे आहेत. राहू दे एका खोलीत." तशी माझ्यात दोन बिऱ्हाडं झाली. जुनीला इंटरनेटपासून तोडलं, ती फक्त घरात बघण्यापुरती. चालू करताना मी विचारतो, कोणाला उठवू? पण तो प्रश्न पडद्यावर येतो आणि बाईला तो दिसणार कसा? स्क्रूताईने त्या क्षणी 'टुं' असा आवाज बसवून दिला. टुं झालं आणि काही दाबलं नाही तर नवी उठते; खालचा बाण दाबला की जुनी.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग तो मंगळवार आला.

सकाळी डॉक्टरांचं रेकॉर्डिंग आलं. एका पेशंटचा गुडघ्याचा स्कॅन. डॉक्टर बोलले, उजव्या गुडघ्यातली गादी फाटलेली आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया ठरली आहे. बाईने टाईप करून फाईल ठेवली. नाव दिलं के-२१४, अर्थात रोमन अक्षरात. दुपारी डॉक्टरांचा दुसरा निरोप आला, "मघाशी उजवा म्हणालो ते चुकलं. डावा गुडघा. डावा." बाईने फाईल उघडली, उजव्याचा डावा केला, नेहमीच्या सवयीने नाव पुन्हा टाईप करून ठेवली, आणि चार वाजता के-२१४ हॉस्पिटलला पाठवून दिली.

मित्रांनो, आता लक्ष देऊन ऐका, कारण पुढचं मला त्याच वेळी माहीत होतं. रोमन लिपीत एकाच अक्षराची दोन रूपं असतात, एक मोठं आणि एक लहान. आपल्या लिपीत मोठा 'क' आणि लहान 'क' नसतो, म्हणून तुम्हाला ते चटकन जाणवणार नाही. सकाळी बाईच्या बोटांतून लहान के उमटला होता. दुपारी चुकून मोठा. जुन्या कारभारणीला दोन्ही सारखेच. तिने लगेच विचारलं असतं, या नावाची फाईल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? नवी कारभारीण फार काटेकोर. तिच्या लेखी मोठा के वेगळा, लहान के वेगळा. तिने दुसरी फाईल पहिलीच्या शेजारी गुपचूप ठेवून दिली. आणि सर्दीवाला दोन्हींचा उच्चार एकच करी. बाईने ऐकली ती पहिली 'के-२१४' उचलली. ती होती सकाळची. उजव्या गुडघ्याची.

मला माहीत होतं. पण विचारल्याशिवाय बोलायची मला सोय नाही. एवढी मेमरी, एवढ्या तारा, आणि मी आपला पंखा फिरवत बसलो होतो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट एक तास.

पाच वाजता चहा झाला. बाईने कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"काय गं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तिने विचारलं नाही."

"कोणी?"

"नव्या सिस्टीमने. दुपारी मी त्याच नावावर फाईल ठेवली. जागी ठेवू का, असं तिने विचारायला हवं होतं. का नाही विचारलं?"

"नसेल पद्धत तिची. रिपोर्ट पोचला ना?"

"पोचला. पण का नाही विचारलं?"

दुसरं कुणी असतं तर चहा संपवला असता. बाई उठून माझ्यासमोर बसली. यादी उघडली. सर्दीवाला म्हणाला, "के दोनशे चौदा." बाण खाली. "के दोनशे चौदा." बाईचं बोट थबकलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. एकाच नावाच्या दोन फायली! असं होऊच शकत नाही, हे तिला इतक्या वर्षांच्या सवयीने माहीत होतं. मग तिने सर्दीवाल्याला नाव एकेक अक्षर करून वाचायला लावलं. पहिल्या वेळी 'के'. दुसऱ्या वेळी 'मोठा के'.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "हॉस्पिटलला फोन लावा. आधी लावा."

मोठ्या बाई पर्स उचलून निघण्याच्या बेतात होत्या. "बाई, रिपोर्ट मिळालाय, ऑपरेशन विभागाकडे गेलासुद्धा. आता उद्या बोलू."

"उद्या सकाळी ऑपरेशन आहे. रिपोर्ट उघडा आणि कुठला गुडघा लिहिलाय ते मला वाचून दाखवा."

"अहो, तुम्हीच तर टाईप केलाय!"

"म्हणूनच सांगतेय. वाचा."

फोनमध्ये बटणांचे आवाज आले. मग मोठ्या बाई म्हणाल्या, "उजवा."

"चूक आहे. डावा हवा. माझ्याकडून जुनी फाईल गेली. बरोबर असलेली आत्ता पाठवतेय, तुम्ही फोन ठेवू नका."

बाईने मोठ्या के-ची फाईल उघडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, पाठवली. पलीकडे मोठ्या बाई कोणाला तरी मोठ्याने हाका मारत होत्या, कोणीतरी जिन्यावरून धावत गेलं. वीस मिनिटांनी निरोप आला. ऑपरेशन विभागातला कागद बदलला होता आणि जुना फाडला होता. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर पेशंटलाही विचारून घेतात, तेव्हा चूक तिथे सापडली असती, असं नंतर कोणीतरी म्हणालं. असेलही. बाईने मात्र त्यावर विसंबून चहा प्यायला नव्हता. तिचा कप भरलेला तसाच माझ्या शेजारी थंड झाला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंचा पुन्हा फोन. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली होती, डाव्या गुडघ्याची. पण आवाज कडक होता. "बाई, इतक्या वर्षांत तुमची अशी चूक नव्हती. ती वेगळी सिस्टीम आम्हाला झेपणार नाही. काम दुसऱ्या कोणाला द्यावं, असं वर बोलणं चाललंय."

चष्मेवाल्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. बाईने तो हलकेच बाजूला केला, तिला मोकळं होऊन बोलायचं होतं.

"चूक माझी, ती मी नाकारत नाही. पण ती कशी झाली हे मी शोधून काढलंय. तुमच्याकडे किती टायपिस्ट आहेत?"

"अकरा."

"त्यातल्या किती जणींना माहीत आहे की काही सिस्टीमना मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं वाटतं? उद्या तुमच्या मोठ्या कॉम्प्युटरवर कोणी अशाच दोन फायली ठेवल्या तर?"

पलीकडे कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. बाई पुढे म्हणाली,

"मी सांगते काय करायचं. फायलींच्या नावात अक्षरच नको. नुसते आकडे. आकडा ना मोठा, ना लहान. आणि दुरुस्त केलेल्या रिपोर्टला पुढे आणखी एक आकडा. मग कोणतीही सिस्टीम असो, गोंधळ नाही. मला एक महिना द्या. एक जरी चूक झाली तरी मीच काम सोडीन."

मोठ्या बाईंनी महिना दिला. त्या महिन्यात बाईने प्रत्येक फाईल पाठवण्याआधी पूर्ण ऐकली, आणि सर्दीवाल्याला मोठं अक्षर आलं की आवाज चढवायला शिकवलं. एकही चूक झाली नाही. महिना संपायच्या आतच आकड्यांचा नियम सगळ्या अकरा जणींना लागू झाला. आणि एका रेकॉर्डिंगच्या शेवटी डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "हे टाईप करू नका, बाई. हे तुमच्यासाठी आहे. आभारी आहे." बाईने टाचेने पेडल दाबून ते वाक्य तीनदा ऐकलं.

मी वाट बघत होतो, आता ती नव्या कारभारणीला घालवेल म्हणून. स्क्रूताईनेही विचारलं. बाई म्हणाली, "का घालवू? ती वाईट नाही, वेगळी आहे. मी तिला जुनीच समजून वागवत होते, तिथे फसले."

त्यानंतरच्या वर्षाची गोष्ट. दुकानात एक बसड्रायव्हर आले. बत्तीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवलेला माणूस, आता सक्तीने घरी बसवलेला. म्हणाले, चांगला जाड चष्मा द्या, मधोमध धूर दिसतोय. चष्मेवाल्यांनी तपासलं, पुन्हा तपासलं. त्यांनी तो धूर ओळखला होता. चष्मा विकणं सोपं होतं. तो घेऊन ड्रायव्हर निघूनही गेले असते. पण चष्मेवाल्यांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "चष्म्याने काही होणार नाही, साहेब. तुमचे डॉक्टर काय ते सांगतीलच. पण तुम्ही जरा आत या. आमच्या घरातल्या कोणाशी तरी तुमची गाठ घालून द्यायची आहे."

ड्रायव्हर माझ्यासमोर बसले, अंग चोरून. "मला यातलं ओ की ठो कळत नाही, ताई. आणि आता दिसतही नाही."

"दिसायची गरज नाही. इथे दोन जणी राहतात, दोघींचं बोलणं ऐका. एकीचं तक्त्यांत डोकं चालतं, दुसरी झटपट उठते. जिच्याशी जमेल ती तुमची. नाही कळलं तर का, का, असं विचारत राहा. मी अजून विचारतेच आहे."

त्यांनी दोघींनाही ऐकलं. चार दिवस येऊन अक्षरं बोटांनी शोधली. पाचव्या दिवशी बाई म्हणाली, "आता मनाने काहीतरी लिहा. जे पाठ आहे ते."

ड्रायव्हरांनी कीबोर्डची कड चाचपली. मग एका बोटाने, ठोकत ठोकत, एकाखाली एक शब्द लिहिले. झाल्यावर बाईने त्यांचं बोट धरून वाचायचं बटण दाबलं, आणि माझ्या जुन्या स्पीकरमधून आवाज आला: "डेपो. भाजी बाजार. मुलींची शाळा. पूल. हॉस्पिटल. गिरणी. जुना पूल. शेवटचा थांबा."

ते ताठ बसून ऐकत होते. एकेक थांबा आला की त्यांचा उजवा पाय जमिनीवर हलकेच दाबला जात होता, ब्रेकवर दाबावा तसा.

मित्रांनो, मला तुम्हाला उपदेश करायचा नाही, विनंती करायची आहे. एखादी वस्तू जुनी झाली की ती फेकण्याआधी एकदा पत्रा उघडून आत फुंकर मारा. आत दुसरं कुणी नांदू शकेल का, ते बघा. आणि नव्याशी गाठ पडली की ते जुन्यासारखंच असेल असं धरून चालू नका. त्याला त्याची रीत विचारा.

ड्रायव्हर आता दर गुरुवारी येतात. काल बाईने विचारलं, "आज काय लिहिणार?"

ते म्हणाले, "परतीचा मार्ग राहिलाय ना."